भिंतीतलं भोक आणि कलम १०३

घरात चोर शिरला तर काय करायचं, असं चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरी या खाणीच्या गावात कुणालाही विचारा. उत्तर तयार असतं : आधी हाणायचं, मग ठाण्यात फोन करायचा. कायदा काय म्हणतो असं विचारलं की मात्र दोन तट पडतात. एक म्हणतो, चोराला बोट लावलं तरी केस आपल्यावरच होते. दुसरा म्हणतो, आपल्या घरात आला ना, मग काहीही करा. दोघंही अर्धेच बरोबर आहेत. हा कायदा आला कुठून ते पाहिलं, की उरलेलं अर्धं सापडतं.

जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४४५ मध्ये घरफोडीची व्याख्या होती. तिच्याखालचं पहिलंच उदाहरण असं : एकानं दुसऱ्याच्या घराच्या भिंतीला भोक पाडलं आणि त्यातून हात आत घातला, झाली घरफोडी. हे लिहिणाऱ्यांसमोर मातीच्या आणि कुडाच्या भिंतींचा देश होता. ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकातला शर्विलक चारुदत्ताची भिंत फोडतो तेव्हा भोकाचा आकार कोणता शोभेल याचा विचार करतो आणि मापाची दोरी विसरला म्हणून जानव्यानं माप घेतो. इतका रसिक चोर पुढे कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात आला नाही, ही कायद्याचीच हानी.

भोक पाडणाऱ्याला जागीच मारायची मुभा फार जुनी आहे. हम्मुराबीच्या संहितेत भिंत फोडणाऱ्याला त्या भोकासमोरच ठार करण्याची आज्ञा आहे. रोमच्या ‘बारा पाट्या’ या कायद्यानं मात्र एक रेघ ओढली : रात्रीचा चोर मारला तर गुन्हा नाही, दिवसाचा चोर हत्यार उगारील तरच मारता येईल. बायबलच्या ‘निर्गम’ ग्रंथातही तीच रेघ आहे, सूर्य उगवला की रक्ताचा दोष लागतो. आपल्या स्मृतींनी वेळेकडे न पाहता माणसाकडे पाहिलं. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून येणारा, धन-शेत-स्त्री पळवणारा, हे आततायी; त्यांना मारण्यात दोष नाही. आजच्या कायद्यात मात्र सूर्याचीच रेघ उतरली.

ती उतरवली मेकॉलेनं. त्याच्या अध्यक्षतेखालच्या कायदा आयोगानं १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा दिला. त्याच्या टिपणांत स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल स्पष्ट लिहिलं आहे, की इथले लोक दरोडेखोरांपुढे फार मुकाट्यानं मान तुकवतात, म्हणून हक्कावर बंधनं वाढवण्यापेक्षा लोकांत धीर जागवणं बरं. भित्र्यांना धीट करायचा हा सरकारी उपक्रम! मेकॉले १८५९ च्या डिसेंबरात वारला, संहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा होऊन चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, इंग्रजांकडे आलं होतं, आणि मध्य प्रांत नावाचा नवा प्रांत १८६१ च्या अखेरीस उभा राहिला होता. म्हणजे हा हक्क आला तेव्हा प्रांताची शाईही वाळली नव्हती.

हक्क दिला, पण हत्यार काढून घेतलं. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं बंदुकीला परवाना लागू झाला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, त्यातही परवाना राहिलाच. पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीला परवाना देण्याची तरतूद त्यात आहे. गडचिरोलीच्या जंगलात हिला भरमार म्हणतात, आणि बिनपरवाना भरमारी गावकऱ्यांनी पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्या आपण वाचतो. निव्वळ घरकामाच्या किंवा शेतीच्या वस्तू मात्र ‘शस्त्र’ नाहीत, असं याच कायद्यात म्हटलं आहे आणि तिथे लाठीचं नाव घेतलं आहे. माजरीपासून जवळच, भद्रावतीला, सरकारचा दारूगोळा बनतो; पण माजरीच्या घरात दाराआड उभी असते ती काठीच.

आता १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. मालमत्तेच्या बचावाबद्दलचं जुनं कलम १०३ नव्या संहितेत ४१ झालं, गाभा तोच राहिला. मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हक्क पोचतो तो मोजक्या वेळी : लूट, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा जीव जाईल वा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटेल अशी चोरी वा घुसखोरी. खाणीतला माणूस रातपाळीला गेला असेल आणि घरी म्हातारी आई नि लेकरं असतील, तर शेजारच्या क्वार्टरमधल्यालाही हा हक्क आहे. तो घरमालकापुरता नाही. मात्र भर दुपारी रिकाम्या घराचं कुलूप तोडणाऱ्याकडून जिवाला धोका नसेल, तर त्याला रोखता येतं, ठार मारता येत नाही. रात्रीसुद्धा गरजेपेक्षा जास्त इजा चालत नाही.

आणि हक्क संपतोही. रात्रीच्या घरफोडीविरुद्धचा हक्क घुसखोरी चालू असेपर्यंतच. माल घेऊन पळणाऱ्याच्या मागे धावून माल सोडवता येतो. पण पकडून खांबाला बांधलेल्या चोराला बडवणं हा बचाव नव्हे, तो वेगळा गुन्हा. साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी १९६२ च्या जयदेव खटल्यात हेच सांगितलं : धोका टळला किंवा हल्लेखोर पळाला, की हक्क उरत नाही. पण भेदरलेल्या माणसाला त्या घटकेला झालेली घालमेलही न्यायालयानं ध्यानात घ्यावी, असंही त्यांनी म्हटलं. बचाव होता हे दाखवायचं ओझं आरोपीवर असतं, तरी ते सरकारी पक्षाएवढं जड नसतं. शक्यता त्याच्या बाजूला झुकली की पुरतं.

चंद्रपूर जिल्ह्यात घरात शिरणारा नेहमी माणूसच असतो असं नाही. बिबट गोठ्यात येतो, कधी अंगणात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ सांगतं, की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‌हेतूनं वन्यप्राणी मारला गेला तर गुन्हा नाही. या मुभेत मालमत्तेचं नाव नाही. बिबट शेळी नेत असेल तर त्याच्यावर कुऱ्हाड चालवता येत नाही. वनविभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करायचा. जीव वाचवताना बिबट मेलाच, तर त्याचं धूड सरकारजमा होतं. मेकॉलेला ज्या दुबळ्या प्रजेची काळजी होती तिला चोराविरुद्ध जेवढी मोकळीक मिळाली, तेवढी बिबट्याविरुद्ध नाही. आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं, कारण शेळीची किंमत भरून देता येते.