लिस्बनचा चैत्र

आपल्या धर्मग्रामांतून अलीकडे फातिमाच्या यात्रेला कुटुंबे जातात. विमान लिस्बनला उतरते, बस फातिमाकडे वळते, आणि परतीच्या दिवशी हाती उरलेल्या चार-पाच तासांत पोर्तुगालची ही राजधानी ‘पाहून’ होते. नदीकाठचा एक मनोरा, एक मठ, दुकानातील गोड पेस्ट्री आणि छायाचित्रे. यात्रेकरूंना दोष देण्याचे कारण नाही. त्यांना लिस्बन कोणी सांगितलेलेच नसते. परंतु मराठी कॅथलिक माणसाचे या शहराशी असलेले नाते पर्यटकाचे नाही, आणि त्या नात्याला एक ठरावीक ऋतू आहे. तो म्हणजे फाल्गुनाची अखेर आणि चैत्राचा आरंभ. आपल्या धार्मिक वर्षात बहुधा प्रायश्चित्तकाळ. ज्यांना सवड आहे त्यांनी याच दिवसांत लिस्बनला जावे, असे मी म्हणतो. त्याचे कारण हवामान नव्हे. ते सुखद असते हे खरे. हिवाळी पाऊस ओसरत आलेला असतो आणि उन्हात कडकपणा नसतो. पण खरे कारण इतिहासातील आहे.

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत हिंदुस्थानकडे येणारा आरमारी काफिला लिस्बनहून निघे तो याच दिवसांत, सामान्यतः मार्च-एप्रिलमध्ये. ही वेळ राजाने ठरवली नव्हती, आपल्या पावसाने ठरवली होती. वसंतात निघालेले जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला साधारण जुलैत वळसा घाली, आणि मग नैर्ऋत्येकडून वाहणारे मोसमी वारे त्याला अरबी समुद्रापार ढकलीत नेत. गोव्याचे बंदर पावसाळ्यात दर्यामुळे बंद असे. ते उघडण्याच्या सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबरात, जहाज मांडवीच्या मुखाशी येई. लिस्बनमध्ये उशीर झाला तर वारा चुके, आणि वारा चुकला तर मोझांबिकच्या किनाऱ्यावर कित्येक महिने तळ ठोकावा लागे. तेथील रोगट हवेत माणसे मरत. परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीत ईशान्य वाऱ्यावर निघत. ‘मौसिम’ या अरबी शब्दाचा पोर्तुगीजांनी ‘मोंसांव’ केला, इंग्रजांनी ‘मान्सून’ केला. आपल्याकडे तोच शब्द फारसीच्या वाटेने येऊन ‘मोसम’ झाला होता.

बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात लोणी भापकर नावाचे गाव आहे. मोरगावहून बारामतीकडे जाताना ते लागते. यादवकालीन मल्लिकार्जुन मंदिर, त्याजवळची घडीव दगडांची पुष्करणी आणि यज्ञवराहाची मूर्ती यांसाठी ते जाणकारांना ठाऊक आहे. चैत्रात अशा पुष्करणीच्या पायऱ्या मोजाव्यात आणि मृगाची वाट पाहावी, ही या पट्ट्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. सह्याद्रीने अडवून, वसई आणि गोव्याला न्हाऊ घालून जे उरेल तेवढेच पाणी हा वारा तेथे आणतो. लोणी भापकरचा कुणबी ज्या वाऱ्याकडे डोळे लावून बसे त्याच वाऱ्याचा हिशेब त्याच आठवड्यांत लिस्बनच्या धक्क्यावरचे खलाशी करीत असत, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

संत फ्रान्सिस झेवियर यांना या हिशेबाचा फटका बसला होता. त्यांनी १५४०च्या मार्चमध्ये रोम सोडले. लिस्बनला पोचेपर्यंत जून संपत आला होता. त्या वर्षीचा काफिला केव्हाच निघून गेलेला. त्यांना पुढील वसंतापर्यंत थांबणे भाग पडले. हे महिने त्यांनी उपदेशात, पापनिवेदने ऐकण्यात आणि कैद्यांच्या सेवेत घालवले. त्यांचा प्रभाव इतका पडला की राजा तिसरा जुआंव आणि दरबार त्यांना ठेवून घेण्याचा विचार करू लागला. अखेर तडजोड झाली : सोबती सिमांव रॉड्रिग्ज पोर्तुगालात राहिले आणि झेवियर निघाले. दिवस ७ एप्रिल १५४१, त्यांचा पस्तिसावा वाढदिवस. त्या वर्षी पास्काचा सण १७ एप्रिलला होता. म्हणजे पवित्र आठवडा आणि पुनरुत्थानाचा दिवस त्यांनी समुद्रावर घालवला. पुढे मोझांबिकला मुक्काम पडलाच, आणि गोवा दिसायला ६ मे १५४२ उजाडला. तेरा महिने! आज आपण विमान दोन तास उशिरा सुटले तरी कपाळाला आठ्या घालतो.

झेवियर आपल्या सर्वांना माहीत आहेत. माझ्या मते मराठी माणसाने लिस्बनच्या धक्क्यावर उभे राहून ज्याची आठवण प्रथम करावी तो दुसराच आहे. फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक असणे धोक्याचे झाले, तेव्हा ते रोमला गेले, १५७५ साली येशूसंघात दाखल झाले आणि ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांच्या काफिल्यातून निघाले. त्या वर्षी पास्काचा सण १९ एप्रिलला आला होता. तेही प्रायश्चित्तकाळातच किनाऱ्याला पारखे झाले. गोव्याला ते २४ ऑक्टोबरला पोचले. प्रवासाचे दिवस २०३.

पोचल्यावर १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना पत्र लिहिले. ते पुढे इंग्लंडात रिचर्ड हॅक्लुटच्या सागरप्रवासांच्या संग्रहात छापले गेले, म्हणून आज आपल्याला वाचता येते. निघताना कर्णे वाजले, तोफा झडल्या असे ते सांगतात. सहाव्या दिवशी मदैराजवळ एका इंग्रज जहाजाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पोर्तुगीजांनी मोठ्या तोफा बाहेर काढताच ते पळाले. ज्या देशातून हा तरुण परागंदा झाला होता त्या देशाने समुद्रावरही त्याला असा निरोप दिला! पुढे विषुववृत्ताजवळची निर्वात उष्णता, आजारपणे, माशांची आणि पक्ष्यांची वर्णने येतात. आकाशात एखादा स्थिर बिंदू नसल्याने पूर्व-पश्चिम अंतर मोजणे नावाड्यांना किती कठीण जाते, हेही ते वडिलांना समजावून देतात. हिंदुस्थान जवळ आला असे वाटत असताना जहाज प्रवाहाने भलतीकडे, तांबड्या समुद्राच्या मुखाशी असलेल्या सोकोत्रा बेटाजवळ नेले होते. जहाजावर सत्तावीस माणसे दगावली, आणि इतर वर्षांच्या मानाने हा आकडा थोडाच समजला गेला.

या पत्रात मराठी नाही. ती अजून भेटायची होती. चारच वर्षांनी, १५८३ साली, भावाला लिहिलेल्या पत्रात ते इथल्या भाषांची ग्रीक आणि लॅटिनशी ठेवण जुळते असे नोंदवतात. विल्यम जोन्सच्या प्रसिद्ध भाषणाआधी दोन शतके. आणि १६१६ साली राशोल येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठी भाषेत, रोमन लिपीत. कारण मराठी अक्षरांचे खिळे उपलब्ध नव्हते. ज्या भाषेत पुराणे ऐकायची सवय होती त्या भाषेत आणि त्याच छंदात नवख्रिस्ती लोकांना तारणाची कथा ऐकायला मिळाली. स्टीफन्स १६१९ साली गोव्यात वारले. इंग्लंडला ते परत गेले नाहीत.

आता बेलेंला जाऊ. प्रासा दा फिगेइरा या चौकातून पंधरा क्रमांकाची ट्राम तेथे नेते. ‘बेलें’ म्हणजे बेथलेहेम. पूर्वी या किनाऱ्याला रेस्तेलू म्हणत आणि तेथे खलाशांसाठी पवित्र मरियेचे एक लहान मंदिर होते. वास्को द गामाने १४९७ साली निघण्यापूर्वी तेथे प्रार्थना केली होती. त्याच जागी राजा मानुएलने जेरोनिमुस मठ उभारायला घेतला आणि आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावरचा सुमारे पाच टक्के कर त्याच्या बांधकामाला लावून दिला. त्या कोरीव कमानींना आपल्या मलबारच्या मिऱ्यांचा वास आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आत गामाचे आणि कवी कामोंइशचे थडगे आहे. कामोंइशच्या १५७२च्या महाकाव्यात रेस्तेलूच्या काठावर एक म्हातारा उभा राहतो आणि निघणाऱ्या जहाजांना, कीर्तीच्या आणि धनाच्या हव्यासाला, दूषणे देतो. विजयाच्या काव्यात कवीने हा माणूस ठेवला, याचे मला फार मोल वाटते. जवळच नदीकाठी १९६० साली उभारलेले दर्यावर्दींचे प्रचंड स्मारक आहे. त्यावर राजे, कप्तान, झेवियरही आहेत. तेथे तो म्हातारा नाही, स्टीफन्स नाहीत, आणि वल्ही-शिडे ओढता ओढता मेलेले तर नाहीतच. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्यांचे नाव कोण घेणार?

बेलेंच्या मनोऱ्याच्या एका बुरुजाखाली गेंड्याचे झिजलेले शिल्प आहे, ते मुलांना जरूर दाखवावे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फर याने आल्बुकर्कला दिलेला हा गेंडा २० मे १५१५ रोजी जिवंत लिस्बनला उतरला, आणि जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला न पाहताच त्याचे जगप्रसिद्ध चित्र काढले. याच सुलतानाचा मुलगा बहादूरशाह. त्याने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. वसईच्या वाचकाला या दगडी जनावराकडे परक्यासारखे पाहता येणार नाही.

शहरात परतल्यावर संत रोक यांचे ख्रिस्तमंदिर चुकवू नये. बाहेरून ते अगदी साधे आहे. येशूसंघीयांचे हे जुने मंदिर १७५५च्या भूकंपातून बव्हंशी वाचले. १ नोव्हेंबरचा, सर्व संतांच्या सणाचा दिवस. सकाळी लोक मिस्साला जमलेले असताना भूकंप झाला, मग लाटा आल्या, मग आग. नदीकाठचा राजवाडा आणि हिंदुस्थानच्या व्यापाराचे दप्तर त्यात गेले. कार्मू मठाचे छप्पर कोसळलेले सांगाडे तसेच ठेवले आहेत. संत रोक यांच्या मंदिरातील वस्त्रागारात मात्र आंद्रे रेइनोझूने १६१९च्या सुमारास काढलेली, झेवियर यांच्या जीवनावरील वीस चित्रांची माळ शाबूत आहे. १६१९ हेच स्टीफन्स यांच्या मृत्यूचेही वर्ष.

आणि दिवस जुळवता आले तर प्रायश्चित्तकाळाच्या दुसऱ्या रविवारी येथे हजर असावे. त्या दिवशी खांद्यावर क्रूस घेतलेल्या प्रभूची मूर्ती या मंदिरातून ग्रासा टेकडीवरील मंदिराकडे मिरवणुकीने नेतात. ही प्रथा १५८७ साली सुरू झाली. गोव्यात ‘सांत पास’ पाहिलेल्यांना जांभळी वस्त्रे, संथ पावले आणि वाटेवरचे थांबे ओळखीचे वाटतील. ग्रासाच्या चढावर धाप लागते. अठ्ठावीस क्रमांकाची ट्राम तिकडे जाते, पण शक्य तर चालावे. वाटेत मुख्य मंदिराशेजारी संत अंतोनी जन्मले ती जागा आहे. आपण त्यांना पादुआचे म्हणतो; लिस्बनकरांना ते मान्य नाही.

अभ्यासू तरुणांसाठी आणखी एक ठिकाण सांगतो. विद्यापीठाच्या परिसरात, १९९०पासून नव्या इमारतीत असलेले ‘तोर्र दू तोंबू’ हे राष्ट्रीय दप्तरखाने. जहाजांबरोबर राजा आणि गोव्याचा व्हाइसरॉय यांच्यात जी पत्रे जात-येत ती बांधून ठेवत, आणि त्या बाडांना नावच ‘मोसमांचे ग्रंथ’ असे होते. पुष्कळशी बाडे पणजीत राहिली. बासष्ट खंड अठराव्या शतकात लिस्बनला हलवले गेले. मराठ्यांच्या इतिहासाचे हे फार मोठे साधन. गोव्याचे संशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्यभर अशा कागदांवर काम केले. त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ १९६७ साली पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्यानंतर पोर्तुगीज शिकून हे काम पुढे नेणारे आपल्या समाजातून किती निघाले? वसईच्या मुलाला जर्मन आणि फ्रेंच शिकवायला आपण तयार असतो.

या दप्तरांत अभिमानाबरोबर लाजही आहे. स्टीफन्सनी ज्या भाषेसाठी आयुष्य वेचले तिच्याविरुद्ध १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला : तीन वर्षांत लोकांनी देशी बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. ‘ख्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकात तीन आवृत्त्या निघाल्या, १६१६, १६४९ आणि १६५४, त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. पुराण टिकले ते हस्तलिखितांमुळे आणि घराघरांतील पठणामुळे. १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी ते पुन्हा छापले. देवनागरी हस्तलिखित जस्टिन ॲबट यांना लंडनमध्ये, मार्सडेनच्या संग्रहात सापडले.

तेजू नदीच्या काठी सूर्यास्त उशिरा होतो. जुन्या राजवाड्याच्या जागी आता मोठा मोकळा चौक आहे, नदीकडे दोन खांब आहेत आणि पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तेथे सायंकाळी वारा बहुधा उत्तरेकडून येतो. याच वाऱ्यावर जहाजे दक्षिणेला निघत.