तगर नगराची पांढरी



भूमहून सहल निघावयाची म्हटली की ती वेरूळ-अजिंठ्याला निघते, नाही तर पंढरपूर-तुळजापूरला. यंदा माघात आम्ही काही मंडळींनी ठरविले की, आपल्याच जिल्ह्यातले, परंतु दोन हजार वर्षांपूर्वी सातासमुद्रांपलीकडे ठाऊक असलेले एक नगर पाहून यावे. दोन गुरुजी, चार दुकानदार, दहाबारा विद्यार्थी आणि हौसेने निघालेल्या तीन आजीबाई असा आमचा मेळा होता. शिदोरीत भाकरी, ठेचा आणि कुंथलगिरीचे पेढे. येरमाळा, येडशी, ढोकी असा रस्ता धरून आम्ही सकाळीच तेरणेच्या काठी तेरला उतरलो.

उतरताच विद्यार्थ्यांचा हिरमोड झाला. मोठा तट नाही, बुरूज नाहीत, राजवाडा नाही. ‘गुरुजी, नगर कोठे आहे?’ असे एकाने विचारलेच. माझे आजचे व्याख्यान म्हणजे त्या मुलाला दिलेले उत्तर होय.

त्या नगराचे नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने दर्यावर्दींसाठी एक माहितीपुस्तक लिहिले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते ओळखले जाते. त्यात तो सांगतो की, भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून साधे कापड व नाना तऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, बिनसडकेच्या मुलखातून भडोचला जात असे. टॉलेमीनेही या नगराची नोंद केली आहे. पुढे कोकणात आणि कोल्हापुरास राज्य करणारे शिलाहार स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. स्वतःचे राज्य असतानाही ज्या गावचे म्हणवून घेण्यात राजांना भूषण वाटे, ते गाव केवढे असेल!

आणि एवढ्या नगराचे ठिकाणच पुढे हरवले! गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात विद्वान ते शोधू लागले. कोणी देवगिरी म्हटले. भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचविले, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरकडे बोट दाखविले. अखेर १९०१ साली फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरच, असे मांडले आणि ते मत मान्य झाले. पुढे १९५८ साली चापेकरांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन वस्तीचे थर उघडे पडले.

आम्ही प्रथम त्रिविक्रमाच्या देवळात गेलो. दगडी हेमाडपंती देवळे पाहण्याची आपल्या डोळ्यांस सवय. हे देऊळ विटांचे. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार. ही वास्तू मूळची बौद्ध चैत्य असावी, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. उत्तरेश्वराचे देऊळही विटांचेच. त्याची कोरीव लाकडी चौकट आता संग्रहालयात ठेवली आहे. येथल्या जुन्या विटा इतक्या हलक्या की त्या पाण्यावर तरंगतात. यात चमत्कार काही नाही. मातीत साळीचा भुसा मिसळीत. भट्टीत तो जळून जाई आणि विटेच्या पोटात बारीक पोकळ्या राहत. चमत्कार असेल तर तो कारागिराच्या अकलेचा.

दुपारी संग्रहालय पाहिले. तेथे सातवाहनांची नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या, पांढऱ्या मातीच्या साच्यातल्या सुबक मूर्ती आणि रोमन वळणाच्या वस्तू आहेत. येथेच सापडलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर प्रसिद्धच आहे. इटलीतले पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झाले. तेथे १९३८ साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली, तिचे आणि या मूर्तीचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

हे सारे कोणी जमविले? या संग्रहालयाचा पाया घातला तो कोणा राजाने नव्हे. तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांना हा छंद होता. पावसाने माती धुपून उघडे पडलेले, कोणाला नांगरताना सापडलेले असे जे जे हाती लागले, ते त्यांनी जपले. आज हे शासकीय संग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

संध्याकाळी आम्ही गावाकडेच्या एका टेकाडावर उभे होतो. कडेला माती खणून नेल्याची खोल कपार होती. आमच्यातल्या एका आजीबाईंनी चिमूटभर माती बोटांत चुरली आणि त्या म्हणाल्या, ‘अगं बाई, ही तर आपल्या माळवदावरची माती!’

मंडळी, सबंध दिवसातले सर्वांत मोठे व्याख्यान मला या एका वाक्यात ऐकू आले. आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि वस्तीला पांढरी. माणसे पिढ्यान्‌पिढ्या जेथे राहतात, तेथे पडलेल्या भिंती, चुलींची राख आणि फुटकी मडकी साचून जमिनीचा रंगच बदलतो. ती माती माळवदावर घातली की घर गळत नाही, म्हणून आपल्या वाडवडिलांनी गाड्या भरभरून ती नेली. म्हणजे विद्वान जे नगर नकाशावर शोधीत होते, ते थोडेथोडे करून आपल्या लोकांच्या डोक्यावर छप्पर झाले होते! त्यांना दोष कोणी द्यावा? घर गळत असता इतिहास कोणास सुचेल? परंतु आज माळवदे जाऊन स्लॅब आले, आणि पांढरी मात्र यंत्राने उकरली जाते. फावड्याला खापर दिसत असे. यंत्राला ते दिसत नाही.

परतताना आम्ही गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घेतले. गोरोबा जातीने कुंभार. संतमेळ्यात त्यांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवाचे मडके कच्चे ठरविले, ही कथा आपण सर्व जाणतो. तगरच्या फुटक्या खापरांपुढे आमचीच मडकी कच्ची निघाली, असे मला त्या वेळी वाटले.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आता थोडक्यात देतो. बाळ, नगर तुझ्या पायाखाली आहे. तेरलाच आहे असे नव्हे. आपल्या तालुक्यातल्या ज्या ज्या गावाला जुनी पांढरी आहे, तेथे ते थोडेफार असेलच. कपारीत नक्षीचे खापर, नाणे किंवा मणी दिसला, तर तो खिशात घालू नये. जागा लक्षात ठेवावी, गुरुजींस दाखवावी आणि पुरातत्त्व खात्यास कळवावे. वस्तू जागेवर असली की ती बोलते. जागा सुटली की मुकी होते.