जू आणि जेते : ‘सब्जुगेट’ या क्रियापदाचा अर्थविचार

‘पराभूत करणे’ आणि ‘अंकित करणे’ या क्रिया भिन्न असूनही इतिहासलेखनात त्यांची वारंवार गल्लत होते. इंग्रजीतील ‘सब्जुगेट’ या क्रियापदाच्या वापरात हे विशेषत्वाने जाणवते.

या क्रियापदाचे मूळ लॅटिन आहे : ‘सुब’ म्हणजे खाली आणि ‘युगुम’ म्हणजे जू. संस्कृत ‘युग’, मराठी ‘जू’ व इंग्रजी ‘योक’ हे शब्द याच कुळातले. लिव्ही या रोमन इतिहासकाराने जुवाखालून जाण्याच्या विधीचे वर्णन केले आहे. दोन भाले उभे रोवून तिसरा आडवा बांधीत आणि त्याखालून पराभूतांना निःशस्त्र, वाकून जावे लागे.

इ.स.पू. ३२१ मध्ये कॉडियमच्या खिंडीत सॅम्नाइटांनी कोंडलेल्या रोमन सैन्यावर हाच प्रसंग ओढवला. लिव्हीच्या कथनानुसार, सॅम्नाइट सेनानी गायस पाँटियस याला त्याच्या वृद्ध पित्याने सल्ला दिला होता, की शत्रूला सन्मानाने सोडावे किंवा समूळ नष्ट करावे. मधल्या मार्गाने मित्रही लाभत नाही आणि शत्रूही संपत नाही. पुत्राने मधलाच मार्ग पत्करला. अपमानित रोमने युद्ध पुढे चालविले आणि इ.स.पू. २९० मध्ये तिसरे सॅम्नाइट युद्ध संपले तेव्हा वर्चस्व मान्य करावे लागले ते सॅम्नाइटांनाच. रोमन सैन्य जुवाखालून गेले, परंतु रोम अंकित झाले नाही.

या क्रियापदाच्या योग्य वापराची कसोटी येथेच सापडते. त्याचे कर्म सामान्यतः एखादे सैन्य नव्हे, तर लोक वा प्रदेश असतो आणि त्यातून टिकाऊ पराधीनता सूचित होते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरल्या. तेथे ‘डिफीट’ हेच क्रियापद उचित. याउलट ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी लढाई न होताच त्यांची तैनाती फौज स्वीकारली व परराष्ट्रसंबंधांतील स्वातंत्र्य गमावले. पेशवाईचा शेवट १८१८ मध्ये झाला. पण ‘सब्जुगेट’ या क्रियापदाने दर्शविली जाणारी प्रक्रिया त्यापूर्वीच सुरू झाली होती. तेव्हा रणांगणावरील निकालावरून हे क्रियापद योजणे म्हणजे पराधीनतेचा काळ आणि तिचे कारण, दोन्ही चुकीचे नोंदविणे होय.