परिचारिकेचे स्वतःचे तत्त्वज्ञान : एका कल्पनेचा इतिहास

माणूस, आरोग्य, भोवतालची परिस्थिती आणि सेवेचा हेतू यांविषयी परिचारिकेने विचारपूर्वक धरलेल्या आणि रोजच्या कामात उतरवलेल्या धारणा म्हणजे तिचे परिचर्येचे तत्त्वज्ञान. आज अनेक नर्सिंग महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना अशा धारणा स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगतात. हा प्रघात मात्र फारसा जुना नाही. शुश्रूषा करणाऱ्याने कसे वागावे, हे शतकानुशतके दुसरेच कोणीतरी ठरवत आले होते.

चरकसंहितेने वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद मानले. परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, आपुलकी आणि शुचिता हे चार गुण असावेत, असे त्यात सांगितले आहे. ही यादी आजही जुनी वाटत नाही. पण ती वैद्यकाच्या ग्रंथात, वैद्याच्या नजरेतून केलेली आहे. परिचारकाला काय वाटते, हा प्रश्न तिथे येत नाही. युरोपातही मध्ययुगापासून ही सेवा मुख्यतः मठांतील जोगिणींकडे होती आणि तिचा आधार धर्माज्ञा हाच होता.

परिचर्येला स्वतःचा विचार मिळाला तो फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यापासून. क्रिमियन युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, त्या ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या. तिथे जखमांपेक्षा टायफस, कॉलरा आणि आमांशाने अधिक सैनिक दगावत होते. १८५५ च्या वसंतात गटारे साफ करून हवा खेळती केल्यावर मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या त्यांच्या पुस्तकात या काळाचा ठसा दिसतो. रोग बरा करते ती निसर्गाची शक्ती. तिला काम करता यावे अशा स्थितीत रुग्णाला ठेवणे हे परिचारिकेचे काम, ही त्यांची मूळ धारणा. बाकी सारे तपशील तिच्यातूनच निघतात. खोलीत शुद्ध हवा हवी, पण रुग्णाला थंडी वाजता कामा नये. दाराबाहेर नातेवाईक आणि डॉक्टर कुजबुजत असतील, तर रुग्ण कान टवकारून पडून राहतो आणि थकतो. म्हणून अशी कुजबुज त्यांनी क्रूरपणाची ठरवली. आपण हजर असताना जे होते ते आपल्या गैरहजेरीतही व्हावे, अशी व्यवस्था लावण्याला त्यांनी वेगळे प्रकरण दिले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या निधीतून प्रशिक्षण शाळा सुरू झाली आणि तिचा नमुना जगभर गेला.

शाळांबरोबर शिस्तही पसरली. १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने नाइटिंगेल यांच्या नावाने शपथ तयार केली. शुद्ध आचरण, रुग्णाच्या गोष्टी गुप्त ठेवणे, अपायकारक औषध न देणे आणि डॉक्टरांना निष्ठेने साथ देणे ही तिची कलमे होती. भारतातही नर्सिंग विद्यार्थिनी हाती दिवा घेऊन ही शपथ घेत आल्या आहेत. शपथेने व्यवसायाला प्रतिष्ठा दिली; मात्र तिचे शब्द सर्वांना सारखेच आणि आधीच ठरलेले होते.

महाराष्ट्रात या कामापुढे वेगळी अडचण होती. परक्या माणसाचे मलमूत्र काढणे, जखमा धुणे, रात्रपाळी करणे हे उच्चवर्णीय घरांतील बायकांना कमीपणाचे आणि विटाळाचे मानले जाई. तरीही १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करताना स्वतःच त्या साथीला बळी पडल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन ही संस्था उभी राहिली आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळू लागले. त्यांत विधवाही होत्या. समाजाचा असा कल असताना हे काम का पत्करावे, याचे उत्तर या स्त्रियांना स्वतःपाशी शोधावे लागे.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत हा शोध अभ्यासाचा विषय झाला. १९५२ मध्ये हिल्डगार्ड पेप्लाउ यांनी परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नात्याला विचाराच्या केंद्रस्थानी आणले. व्हर्जिनिया हेंडरसन यांच्या मते, बळ, इच्छा किंवा ज्ञान असते तर माणसाने स्वतःच केले असते ते त्याच्यासाठी करणे आणि त्याला लवकरात लवकर स्वावलंबी करणे हे परिचारिकेचे खास काम. श्वास घेण्यापासून उपासना आणि शिकण्यापर्यंत १४ मूलभूत गरजा त्यांनी मांडल्या. १९६६ च्या ‘द नेचर ऑफ नर्सिंग’ या पुस्तकात आपली व्याख्या अनुभवातून कशी घडत गेली हे त्यांनी सांगितले आणि प्रत्येक परिचारिकेने स्वतःची संकल्पना घडवावी, नाहीतर ती केवळ अनुकरण करत राहील, असा आग्रह धरला.

येल विद्यापीठातील अर्नेस्टीन वीडेनबाख यांनी १९६४ च्या ‘क्लिनिकल नर्सिंग : अ हेल्पिंग आर्ट’ या ग्रंथात अशा स्वतःच्या संकल्पनेला त्याआधीच रूप दिले होते. जीवनाविषयी आदर, प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा आणि स्वायत्तता यांचा मान, आणि आपल्या धारणांप्रमाणे वागण्याचा निर्धार ही त्यांच्या तत्त्वज्ञानाची तीन अंगे. यांतले तिसरे सर्वांत कसोटीचे. वेदनेने कण्हणारा रुग्ण पुन्हा पुन्हा घंटा वाजवत असेल, तर तो कटकट्या आहे असे धरून चालायचे, की त्याला नेमके काय हवे आहे हे त्यालाच विचारायचे? रुग्णाचा मान राखण्याची भाषा खरी की पोकळ, हे अशाच वेळी कळते.

पुढे व्यक्ती, पर्यावरण, आरोग्य आणि परिचर्या या चार संकल्पनांची चौकट रूढ झाली आणि जीन वॉटसन यांनी १९७९ पासून आस्थेचा विचार परिचर्येच्या गाभ्याशी नेला. भारतात १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाल्यावर हे सिद्धान्त येथील वर्गांतही पोहोचले. आज विद्यार्थी या चार संकल्पनांविषयी आपले मत मांडतो, वॉर्डातल्या प्रसंगांवर ते तपासतो आणि अनुभव वाढेल तसे बदलतो. शपथ आजही घेतली जाते, आणि घ्यावीही. पण तिच्यातील कलमे पाळायची का, याचे कारण आता परिचारिकेला स्वतः सांगता यावे, अशी अपेक्षा असते.