राज्यपाल निवडून येणार होते

सरपंचापासून खासदारापर्यंत सगळ्यांसाठी बोटाला शाई लागते. राज्यपालांसाठी ती कधीच लागलेली नाही. राजभवनातला माणूस दिल्लीहून नेमून येतो, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की हे पद थेट लोकांच्या मतांनी भरायचं असं एकदा ठरलंही होतं, याची आठवण फारशी निघत नाही. ठरवणारे कुणी ऐरेगैरे नव्हते. खुद्द घटना समितीनं ते ठरवलं होतं, आणि प्रस्ताव होता सरदार पटेलांचा.

राज्यपाल म्हणजे जुना गव्हर्नर. १८१८मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती आला, धुळ्यात कॅप्टन जॉन ब्रिग्ज कारभार पाहू लागला आणि पुढच्याच वर्षी मुंबईत एल्फिन्स्टन गव्हर्नर झाला. नेमणूक लंडनहून व्हायची. इथल्या कुणाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

१९३५च्या कायद्यानं प्रांतांना निवडून आलेली मंत्रिमंडळं देऊ केली, पण गव्हर्नरच्या हातातली काठी काढून घेतली नाही. त्याचे ‘विशेष अधिकार’ कायम राहिले. त्यातलं एक कलम खानदेशाला फार जवळून लागू होतं. १९३६च्या हुकुमानं काही मुलूख ‘अंशतः वगळलेला’ ठरला, आणि त्या यादीत पश्चिम खानदेशातले शहादा, नंदुरबार व तळोदा तालुके, नवापूर पेठा, अक्राणी महाल, काठीच्या पाडवीसारख्या मेवासी सरदारांची गावं, शिवाय पूर्व खानदेशातलं सातपुड्याचं राखीव जंगल होतं. विधिमंडळानं केलेला कायदा या भागात आपोआप लागू होत नसे. गव्हर्नरनं तसं फर्मावलं तरच व्हायचा.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात काँग्रेसनं आपलं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरवलं, ते जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला. खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींसारख्या कार्यकर्त्यांनी तयारी अंगावर घेतली, नंदलाल बोस यांनी बांबू-मातीच्या साहित्यातून मंडप सजवला आणि अध्यक्षपदी होते जवाहरलाल नेहरू. मंडपाचं कौतुक आजही होतं, ठरावांचं कमी. तिथं १९३५चा कायदा साफ नाकारला गेला आणि प्रौढ मतदानानं निवडलेल्या घटना समितीची मागणी पुन्हा ठणकावली गेली. निवडणुका मात्र लढवायच्याच होत्या.

लढवल्या आणि जिंकल्याही. १९३७च्या फेब्रुवारीत मुंबई प्रांतात १७५पैकी ८६ जागा काँग्रेसला मिळाल्या. तरी पक्ष सत्तेवर बसेना. विशेष अधिकार वापरणार नाही, असा शब्द गव्हर्नरनं आधी द्यावा, हा हट्ट होता. लॉर्ड ब्रेबोर्ननं तो दिला नाही आणि १ एप्रिलला धनजीशा कूपर यांना मुख्यमंत्री करून मोकळा झाला. विधिमंडळात सर्वाधिक जागा एकाच्या, खुर्ची दुसऱ्याला! हा खेळ महाराष्ट्राला तेव्हापासून ठाऊक आहे. व्हाइसरॉयच्या गुळमुळीत आश्वासनावर तोडगा निघाला आणि १९ जुलैला बाळासाहेब खेर आले. दोन वर्षांनी महायुद्धाच्या प्रश्नावर खेरांनी राजीनामा दिला, तसा गव्हर्नरनं कलम ९३ खाली सारा प्रांतच स्वतःकडे घेतला. तो १९४६पर्यंत सोडला नाही.

एवढे चटके सोसलेली माणसं घटना लिहायला बसली, तेव्हा नेमलेला गव्हर्नर त्यांना नको होता यात नवल काय? जुलै १९४७मध्ये पटेलांनी प्रांतिक घटनेचा मसुदा मांडला. गव्हर्नर प्रौढ मतदानानं थेट निवडावा, मुदत चार वर्षं. समितीनं तो स्वीकारलाही. अमेरिकेतलं उदाहरण समोर होतंच. तिथं मॅसॅच्युसेट्सचे लोक १७८०पासून आपला गव्हर्नर स्वतः निवडत आले आहेत.

पण तिथं गव्हर्नर स्वतः राज्य चालवतो. इथं राज्य चालवणार होता मुख्यमंत्री, आणि खरी अडचण हीच होती. साऱ्या प्रांतानं मतं दिलेला गव्हर्नर आणि एका मतदारसंघातून आलेला मुख्यमंत्री समोरासमोर उभे राहिले, तर जास्त मतं कुणाच्या पाठीशी? फेब्रुवारी १९४८च्या मसुद्यात म्हणूनच दोन पर्याय छापले गेले. एक थेट निवडणुकीचा. दुसरा असा, की विधिमंडळानं चार नावं निवडून पाठवावीत आणि राष्ट्रपतींनी त्यातलं एक उचलावं. हा दुसरा म्हणजे धड ना निवड, धड ना नेमणूक.

मे १९४९च्या अखेरीस चर्चा झाली तेव्हा हवा पालटलेली होती. मधल्या काळात फाळणी होऊन गेली होती, संस्थानं नुकतीच विलीन होत होती, केंद्र भक्कम हवं हा सूर चढला होता. बिहारचे ब्रजेश्वर प्रसाद यांनी दुरुस्ती सुचवली की राज्यपाल राष्ट्रपतींनीच नेमावा. तिच्या बाजूनं बोलायला फैजपूरचे अध्यक्ष उभे राहिले. निवडलेल्या राज्यपालामुळे प्रांतिक सवतेपणा वाढेल, त्यापेक्षा बाहेरून आलेला, पक्षीय राजकारणात नसलेला मान्यवर बरा, असं नेहरूंचं म्हणणं. आंबेडकरांचा सवाल रोकडा होता: ज्या पदाला जवळपास अधिकारच नाहीत, त्यासाठी एवढ्या खर्चाची निवडणूक कशाला? केंद्रात एक पक्ष आणि राज्यात दुसरा आला तर हा नेमलेला माणूस कसा वागेल, ही शंकाही सभागृहात निघाली. ती मागे पडली. ३१ मे रोजी दुरुस्ती मंजूर झाली आणि तीच आजचं कलम १५५ बनली.

आंबेडकरांचं गणित चोख होतं, पण त्याचा पाया होता अधिकार नसण्याचा. तो किती टिकला हे मुक्ताईनगरच्या, म्हणजे जुन्या एदलाबादच्या, मतदारसंघावरून दिसतं.

नाडगावच्या प्रतिभाताई पाटील १९६२मध्ये जळगावातून आमदार झाल्या आणि १९६७पासून एदलाबादमधून निवडून येत राहिल्या. २००४मध्ये त्यांना राजस्थानच्या राज्यपाल नेमलं गेलं, त्या राज्याच्या पहिल्या महिला राज्यपाल. २००६मध्ये तिथल्या विधानसभेनं मंजूर केलेलं धर्मांतरविरोधी विधेयक त्यांनी सही न करता परत पाठवलं. वर्षभरानं त्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत भैरोंसिंह शेखावतांसमोर उभ्या राहिल्या आणि शिवसेनेनंही मराठी म्हणून त्यांना मतं दिली. खानदेशातल्या प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य तेव्हा १७५ होतं. आमदार राष्ट्रपती निवडतात, राष्ट्रपती केंद्राच्या सल्ल्यानं राज्यपाल नेमतात; मतदाराचं बोट राजभवनापर्यंत पोचतं ते इतक्या वळणांनी.

त्याच मतदारसंघातून १९९०पासून अनेकदा निवडून आलेले एकनाथ खडसे २०२०च्या ऑक्टोबरात राष्ट्रवादीत गेले. पुढच्याच महिन्यात राज्य सरकारनं विधान परिषदेसाठी बारा नावं राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे पाठवली, त्यात खडसेंचं नाव होतं. यादी पडून राहिली. ऑगस्ट २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं की राज्यपालांनी वाजवी वेळेत निर्णय घ्यायला हवा. निर्णय आला नाही. खडसे शेवटी जून २०२२मध्ये आमदारांच्या मतांवर परिषदेत गेले, आणि सरकार बदलल्यावर ती यादी परत घेण्यात आली. नाही म्हणायचाही अधिकार वापरावा लागला नाही. नुसतं गप्प बसणं पुरलं.

याच नेमलेल्या पदाची दुसरी बाजू सातपुड्यात दिसते, तिची चर्चा मुंबईच्या वर्तमानपत्रांत कमी होते. १९३६च्या यादीतला बराच मुलूख संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत आला. आज त्यात नंदुरबारचा डोंगरपट्टा, धुळ्यातले साक्री-शिरपूरचे भाग आणि जळगावातली चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतली गावं आहेत. इथं एखादा कायदा लागू करायचा की नाही, की बदलून लावायचा, हे राज्यपाल अधिसूचनेनं ठरवू शकतात आणि या क्षेत्रांच्या कारभाराचा अहवाल राष्ट्रपतींना देतात. ९ जून २०१४ रोजी तेव्हाचे राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी हाच अधिकार वापरून तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी पदं अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासी उमेदवारांमधूनच भरावीत, असा आदेश काढला. विधानसभेत त्यासाठी विधेयक आणावं लागलं नाही.