सहा दिवसांचा पुरस्कार

पुरस्कार म्हटला की आपल्यात दोन तऱ्हा. मिळाला तर शाल पांघरून फोटो काढायचा, नाही मिळाला तर त्याला सरकारी तुकडा म्हणायचं. मला या दोन्हींत शिरायचं नाही. मला एका पुरस्काराचा इतिहास सांगायचा आहे. तो सहा दिवस जगला. २०२२ च्या ६ डिसेंबरला जाहीर झाला आणि १२ डिसेंबरला मारला गेला. सहा डिसेंबर! आपली माणसं चैत्यभूमीवर रांगेत उभी होती आणि त्याच दिवशी मराठी भाषा विभागानं ही यादी काढली.

यादी होती २०२१ च्या यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांची. त्यात अनुवादासाठी एक पुरस्कार असतो, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नावाचा. तो मिळाला अनघा लेले यांना. कोबाड गांधींच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या तुरुंगातल्या आठवणींच्या इंग्रजी पुस्तकाचा त्यांनी मराठी अनुवाद केला, लोकवाङ्मय गृहानं तो छापला. रक्कम एक लाख रुपये. आता गंमत बघा. यशवंतराव ब्रिटिशांच्या तुरुंगात राहून आलेले. तर्कतीर्थही सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. हेच तर्कतीर्थ साहित्य संस्कृती मंडळाचे पहिले अध्यक्ष. म्हणजे तुरुंग पाहिलेल्या दोन माणसांच्या नावाचं बक्षीस, आणि ते काढून घेतलं तुरुंगावरच्याच पुस्तकाकडून.

शासननिर्णयात कारण काय दिलं? ‘प्रशासकीय कारणास्तव.’ बस, एवढंच. आपल्यापैकी ज्यांनी जातपडताळणीसाठी, वनहक्काच्या दाव्यासाठी, शिष्यवृत्तीसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आहेत त्यांना हे शब्द नवे नाहीत. खरं कारण सांगायचं नसलं की हे शब्द येतात. पुस्तक हिंसक आहे असं लिहिलं असतं तर कोणत्या पानावर, हे दाखवावं लागलं असतं. कोणी वाचलं, हे सांगावं लागलं असतं. मंत्री बाहेर बोलले की नक्षलवादाचं उदात्तीकरण खपवून घेणार नाही. पण कागदावर ते नाही. आणि नुसता पुरस्कार रद्द करून भागलं नाही, निवड करणारी समितीसुद्धा बरखास्त केली. परीक्षेचा निकाल आवडला नाही म्हणून परीक्षकालाच घरी पाठवलं.

बरं, पुस्तकात आहे तरी काय? कोबाड गांधी २००९ ला दिल्लीत पकडले गेले आणि २०१९ ला सुटले. दहा वर्षं तिहारपासून सुरतपर्यंत वेगवेगळ्या राज्यांतले तुरुंग. पुस्तकात त्या तुरुंगांची हकिगत आहे, सोबतचे कैदी आहेत, पत्नी अनुराधा आहे, आणि शेवटाकडे बरंच चिंतन आहे: चळवळीत माणसाचा चांगुलपणा का टिकत नाही, स्वातंत्र्य आणि आनंद यांचं काय झालं, असले प्रश्न. हे प्रश्न विचारल्याबद्दल २०२१ च्या अखेरीला माओवादी पक्षानं त्यांना काढून टाकलं. मार्क्सवाद सोडला, अध्यात्माकडे गेला, असा आरोप ठेवून. म्हणजे ज्या पुस्तकापायी पक्षानं माणसाला हाकललं, त्याच पुस्तकापायी एका वर्षानं सरकारनं त्याला पक्षाचा प्रचारक ठरवलं. दोघांनीही पुस्तकाचा एकच उपयोग केला. मला तर वाटतं पक्षानं निदान वाचून तरी काढलं असेल!

या घरातली अनुराधा आपल्याला परकी नाही. नागपूर विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारी ही बाई इंदोऱ्यात, आपल्या वस्तीत राहिली. जातीच्या प्रश्नावर तिनं लिहिलं. तिच्या राजकारणाशी तुमचं-माझं जुळो न जुळो, पण मार्क्सवाद्यांतली फार थोडी माणसं जातीचा प्रश्न ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला सारत नाहीत, त्यांतली ती एक. २००८ च्या एप्रिलमध्ये मेंदूच्या मलेरियानं गेली. हा ताप काय असतो ते गडचिरोलीच्या माणसाला सांगावं लागत नाही.

कोणी विचारेल, काहून बा, मुंबईतल्या एका बाईचा पुरस्कार गेला त्याचं इथं आपल्याले काय? सांगतो. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या दीक्षाभूमीवर दरवर्षी पुस्तकांचे स्टॉल लागतात. आपल्यापैकी किती जणांचं पहिलं पुस्तक तिथलं आहे, आठवून बघा. २००६ च्या ऑक्टोबरात, खैरलांजीला महिनाही झाला नव्हता तेव्हा, दिल्लीच्या दानिश बुक्सच्या स्टॉलवरची पुस्तकं पोलिसांनी उचलली. त्यात भगतसिंगांवरचीसुद्धा होती. चालवणाऱ्या बाईंची चौकशी झाली. पुढे ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे. २०११ च्या जानेवारीत वर्ध्याच्या साहित्य संमेलनाहून परतताना पकडले. चाळीस महिने तुरुंगात. २०१४ ला गोंदियाच्या न्यायालयानं निर्दोष सोडलं. २०१८ च्या जूनमध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात पुन्हा पकडले, २०२५ च्या जानेवारीत जामिनावर सुटले. पुस्तक काय म्हणते हे नंतर, आधी कोणाच्या हातात आहे हे बघायचं, ही रीत आपल्या या जंगलपट्ट्यात जुनी आहे. २०२२ ला ती पुरस्कारापर्यंत पोचली एवढंच.

इथं एक गोष्ट स्वच्छ बोलून घेऊ. आपण बुद्धाच्या वाटेनं जाणारे आहोत. १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूत बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली, आणि हिंसेची वाट आपली नाही हे सांगितलं. गडचिरोलीत बंदुकीनं पोलीस मेले, खबऱ्या म्हणून आदिवासी मेले, चकमकीच्या नावाखाली निरपराधही मेले. या बंदुकीची मला ओढ नाही. पुरस्कार हा कोणाचा मूलभूत हक्क नाही, हेही मला मान्य आहे. सरकारनं पहिल्याच दिवशी दिला नसता तर कोणी कोर्टात गेलं नसतं. पण स्वतः नेमलेल्या समितीनं निवडलं, सरकारनंच जाहीर केलं, आणि मग कारण न सांगता पुसलं. पुस्तकावर बंदी नाही, दुकानात ते उघड मिळतं. घटनेच्या १९ व्या कलमात बोलण्यावर बंधन घालायचं तर कायद्यानं घाला, आणि कोणत्या कारणांसाठी घालायचं तेही लिहून दिलेलं आहे. त्या यादीत ‘प्रशासकीय कारण’ नाही.

महाराष्ट्राला हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. विनय हर्डीकरांनी आणीबाणीवर ‘जनांचा प्रवाहो चालिला’ लिहिलं. त्याला जाहीर झालेला राज्य पुरस्कार १९८१ ला अंतुल्यांच्या सरकारनं काढून घेतला. तेव्हा सरकार काँग्रेसचं होतं, २०२२ ला शिंदे-फडणवीसांचं. झेंडे बदलले, कात्री तीच. ज्यांना वाटतं की एक पक्ष गेला की लेखणी सुटेल, त्यांनी ही दोन सालं शेजारी ठेवून बघावीत.

पुरस्कार मरण्याचे प्रकार तरी किती! नामदेव ढसाळांना १९७४ ला सोव्हिएत लँड नेहरू पुरस्कार मिळाला होता. पुढे सोव्हिएत युनियनच राहिलं नाही, पुरस्कारही गेला. देणाराच मेला, तिथं भांडायचं कोणाशी? पास्तरनाकला १९५८ ला नोबेल मिळालं आणि त्याच्याच देशानं ते नाकारायला लावलं. २०२३ च्या ऑक्टोबरात फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात पॅलेस्टिनी लेखिका आदानिया शिबली यांना जर्मन अनुवादातल्या कादंबरीसाठी पुरस्कार द्यायचा होता, तो समारंभच ऐन वेळी काढून टाकला. जर्मनीसारख्या देशात! म्हणजे हा रोग मंत्रालयातच आहे असं नाही.

सरकारी बक्षीस म्हणजे थुंकायचीच वस्तू, असं मात्र मी म्हणणार नाही. अण्णाभाऊंच्या ‘फकिरा’ला १९६१ ला राज्याचं बक्षीस मिळालं. ज्या माणसाला शाळेत टिकू दिलं नाही त्याचं नाव सरकारी कागदावर लेखक म्हणून लागलं, याला किंमत आहे. म्हणूनच ते कागदावरून खोडण्यालाही अर्थ आहे.

२०२२ ला मराठी लेखक गप्प बसले नाहीत, हे नोंदवून ठेवलं पाहिजे. लक्ष्मीकांत देशमुखांनी भाषा सल्लागार समितीचं अध्यक्षपद सोडलं. प्रज्ञा दया पवार आणि नीरजा यांनी साहित्य संस्कृती मंडळाचे राजीनामे दिले. प्रज्ञाताईंनी तर २०१५ लाच आपले राज्य पुरस्कार परत केले होते. त्याच यादीत ‘भुरा’साठी शरद बाविस्कर आणि ‘वैचारिक घुसळण’साठी आनंद करंदीकर होते, त्यांनी आपले पुरस्कार नाकारले. आपल्या नागपुरात यशवंत मनोहर सरांनी २०२१ ला विदर्भ साहित्य संघाचा जीवनव्रती पुरस्कार घेतला नाही, कारण मंचावर सरस्वतीची प्रतिमा होती. ते नाकारणं वेगळ्या कारणाचं. पण घेणाऱ्याच्या हातातही काही असतं, हे दोन्हीकडे दिसलं.

आणि अनुवादक? तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलं. अनुवाद करणारा दुसऱ्याचं बोलणं इमानानं आपल्या भाषेत आणतो. त्या इमानाचंच बक्षीस होतं ते. मूळ लेखकाचं नाव नको म्हणून अनुवादकाला शिक्षा, हे आपल्या जिल्ह्यांनी नीट समजून घ्यावं. गडचिरोलीत माडिया आहे, गोंडी आहे, हलबी आहे, छत्तीसगढी आहे, सिरोंच्याला तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याकडे बंगाली. गोंडी आजही आठव्या अनुसूचीत नाही. भामरागडची बाई दवाखान्यात, कचेरीत, कोर्टात काय म्हणते ते मराठीत सांगणारा कोणीतरी लागतोच. बहुतेक वेळा तो शिकलेला एखादा पोरगा असतो, आपल्यातलाच किंवा तिच्या गावचा. मी अशा पोरांसोबत बसलो आहे. ते म्हणतात, ‘दादा, तिचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं तं साहेब आमच्याकडंच संशयानं पाह्यतेत.’

त्यातल्या दोघांनी आता वही घातली आहे. म्हाताऱ्यांच्या तोंडची माडिया गाणी एका बाजूला, समोरच्या पानावर मराठी. चाळीस पानं झाली आहेत. पुढच्या अंकात त्यातली काही छापायची आहेत, स्टेन्सिल कापायला ज्याचं अक्षर चांगलं आहे त्यानं कळवावं.