घरी जिन-टॉनिक करताना: माप, साखर, क्विनीन आणि चालू असलेल्या गोळ्या

जिन-टॉनिक म्हणजे जिन ही दारू आणि 'टॉनिक वॉटर' हे कडसर, फसफसणारे पेय यांचे मिश्रण. पूर्वी ते मोठ्या शहरांतल्या हॉटेलांतच दिसायचे. आता दिवाळीला किंवा लग्नसराईत पुण्या-मुंबईहून गावी येणारी मुले बाटली सोबत आणतात. त्यामुळे वरवट बकालसारख्या गावातल्या दवाखान्यातही प्रश्न येतो, "डॉक्टर, यात टॉनिक असते ना, मग बाबांना थोडे चालेल का?"

प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर बाबांना कोणता आजार आहे आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत यावर अवलंबून असते. जे घेत नाहीत त्यांनी तब्येतीसाठी म्हणून सुरू करण्यासारखे यात काहीही नाही. जे घेतातच, त्यांना आपल्या ग्लासात काय आणि किती आहे हे माहीत असायला हवे.

'टॉनिक' नाव असले तरी हे औषध नाही

आपल्याकडे टॉनिक म्हटले की अशक्तपणात लिहून दिलेली ताकदीची बाटली आठवते. टॉनिक वॉटरमध्ये लोह नसते, जीवनसत्त्वे नसतात, ताकद वाढवणारे काही नसते. पाणी, कार्बन डायऑक्साइड वायू, साखर, आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल आणि कडूपणासाठी थोडे क्विनीन, एवढेच त्यात असते.

क्विनीन म्हणजे जुनी माणसे ज्याला 'कोयनेल' म्हणत तेच. दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतून ते १८२० मध्ये पॅरिसमध्ये वेगळे काढले गेले आणि पुढे हिवतापावरचे मुख्य औषध ठरले. इंग्रजांनी निलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाची लागवड केली. महाबळेश्वरजवळ लिंगमळा येथेही प्रयोग झाला, पण तो यशस्वी झाला नाही. कडू क्विनीन घशाखाली उतरावे म्हणून त्यात साखर, सोडा आणि जिन मिसळण्याची पद्धत इंग्रजांच्या काळातली, असे सांगितले जाते. नावातले 'टॉनिक' तिथून आले.

आजच्या टॉनिक वॉटरमध्ये क्विनीन फक्त चवीपुरते असते. अमेरिकेतील नियमानुसार एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ८३ मिलिग्रॅम चालते. साठ किलो वजनाच्या माणसाला हिवतापासाठी क्विनीन द्यायचे ठरले, तर दिवसाला साधारण १८०० मिलिग्रॅम लागते. म्हणजे रोज २१ लिटरहून जास्त टॉनिक वॉटर! पावसाळ्यानंतर थंडी वाजून ताप आला, तर जिन-टॉनिक हा उपाय नाही. रक्ततपासणी करून घ्या. हिवतापाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

रात्री पोटऱ्यांत गोळे येतात म्हणूनही काही जण टॉनिक वॉटर पितात. गोळ्यांसाठी क्विनीन वापरू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने दिला आहे. कारण फायदा थोडा आणि धोका गंभीर. वारंवार गोळे येत असतील तर त्याचे कारण शोधावे लागते.

एका ग्लासात किती काय जाते?

भारतात मिळणाऱ्या बहुतेक जिनमध्ये अल्कोहोलचे प्रमाण ४२.८ टक्के असते. त्यावरून हिशेब असा:

- ३० मिलि (छोटा पेग): सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल
- ६० मिलि (मोठा पेग): सुमारे २० ग्रॅम
- १५० मिलि साधे टॉनिक वॉटर: सुमारे १२ ते १३ ग्रॅम साखर, म्हणजे अडीच ते तीन चमचे

निरोगी यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकामी करते. म्हणजे एक मोठा पेग उतरायला दोन ते तीन तास लागतात. लिंबू-पाणी, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

साखरेबद्दल मोठा गैरसमज आहे. टॉनिक वॉटर कडू लागते, म्हणून मधुमेही व्यक्तीला वाटते की यात साखर नसेल. कडूपणामुळे गोडवा फक्त झाकला जातो. बाटलीवरचे लेबल वाचा. साखर नसलेले टॉनिक वॉटरही मिळते.

घ्यायचेच असेल, तर कसे करावे?

१. आधी जेवा, निदान पोटभर काहीतरी खा. रिकाम्या पोटी अल्कोहोल लवकर चढते.

२. बर्फ पिण्याच्या शुद्ध पाण्याचाच करा. आपला संग्रामपूर तालुका खारपाणपट्ट्यात येतो. बोअरच्या पाण्याच्या बर्फाने चव मचूळ होते, आणि पाणी दूषित असेल तर बर्फ केल्याने जंतू मरत नाहीत.

३. उंच ग्लास बर्फाने काठोकाठ भरा. भरपूर बर्फ हळू वितळतो. दोनच खडे टाकले तर लवकर पाणी होते.

४. जिन मोजून ३० मिलि घाला. पेगचे माप नसेल तर खोकल्याच्या औषधासोबत येणारे छोटे माप धुऊन वापरा. 'दोन बोटे' हे माप नव्हे. रुंद ग्लासात दोन बोटे म्हणजे सहज ६० मिलिच्या वर जाते.

५. थंड केलेले टॉनिक वॉटर १२० ते १५० मिलि, ग्लासाच्या कडेने हळू ओता. जिनच्या चार ते पाच पट टॉनिक हे प्रमाण चवीलाही चांगले लागते. बाटली आधीपासून उघडी असेल तर वायू निघून जातो आणि पेय नुसते कडू-गोड पाणी लागते.

६. लिंबाची एक फोड पिळून आत टाका आणि चमच्याने एकदाच हलवा.

७. दुसरा ग्लास भरण्याआधी एक ग्लास साधे पाणी प्या आणि तासभर जाऊ द्या. तिथेच थांबलात तर उत्तम.

जिन आधीच टॉनिकमध्ये मिसळून जगभर ठेवू नका, कोणी किती घेतले हे कळत नाही. दुसऱ्याच्या ग्लासात न विचारता भर घालू नका. प्यायल्यावर मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवू नका. कायद्याने १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम ही वाहनचालकासाठी मर्यादा आहे, पण हात आणि नजर त्याआधीच मंदावू लागतात. आपल्या राज्यात अशा कडक दारूसाठी वय २५ पूर्ण असावे लागते आणि परवाना लागतो.

कोणी अजिबात घेऊ नये?

- गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया
- कावीळ, यकृताचा आजार किंवा स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेले रुग्ण
- फिट येणारे रुग्ण
- हृदयाचे ठोके अनियमित असणारे रुग्ण. क्विनीनमुळेही ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो.
- पूर्वी दारूचे व्यसन होते आणि आता सोडलेली आहे अशा व्यक्ती. त्यांना 'एकाने काय होते' असा आग्रह करू नका.
- टॉनिक वॉटर किंवा क्विनीनची गोळी घेतल्यावर पूर्वी त्रास झालेल्या व्यक्ती. त्यांनी दारूशिवाय नुसते टॉनिक वॉटरही टाळावे.

शेवटचा मुद्दा फारसा माहीत नसतो. क्वचित काही लोकांत क्विनीनच्या अगदी थोड्या प्रमाणानेही प्लेटलेट एकदम कमी होतात. अंगावर लाल-जांभळे ठिपके उठतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. डेंग्यूच्या दिवसांत असे झाले तर सगळ्यांचे लक्ष डेंग्यूकडेच जाते. म्हणून गेल्या काही दिवसांत टॉनिक वॉटर घेतले असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

चालू असलेल्या गोळ्या आधी पाहा

- मधुमेह: ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर दारूमुळे रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मेटफॉर्मिनसोबत जास्त दारू घेणेही धोक्याचे.
- मेट्रोनिडाझोल (हगवणीसाठी दिली जाणारी गोळी): मळमळ, उलट्या, छातीत धडधड होऊ शकते. औषध संपल्यावरही तीन दिवस दारू टाळावी.
- झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम): श्वास मंदावू शकतो. हे मिश्रण जीवघेणे ठरू शकते.
- वॉरफेरिन आणि डिगॉक्सिन: यांच्यावर दारूचा, क्विनीनचा किंवा दोन्हींचा परिणाम होतो.
- क्षयरोगाची औषधे: यकृतावर दुहेरी भार पडतो.
- डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या: जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

दारू घेता यावी म्हणून त्या दिवसाची गोळी स्वतःहून चुकवू नका. त्या दिवशी दारूच टाळा.

नशा चढली की साखर उतरली?

घरच्यांनी हा भाग नक्की वाचावा. मधुमेही माणसाची साखर उतरली की घाम येतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते, तोल जातो, चिडचिड होते. ही लक्षणे नशेसारखीच दिसतात. 'जास्त झाली, झोपू द्या' म्हणून घरचे पांघरूण घालतात, आणि त्या झोपेत रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. हा धोका पिऊन झाल्यावर कित्येक तास, अगदी दुसऱ्या सकाळपर्यंत राहतो.

ग्लुकोमीटर असेल तर लगेच साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल, किंवा तपासता येत नसेल आणि शंका असेल, तर शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बरे वाटल्यावर पोळी किंवा भात खायला द्या. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. टॉनिक वॉटरमध्ये साखर आहे म्हणून साखर उतरणार नाही, असे समजू नका.

बाटली कुठली आहे?

परवानाधारक दुकानातली, सीलबंद बाटलीच घ्या. सुटी, स्वस्त किंवा घरगुती 'जिन' घेऊ नका. तिच्यात मिथेनॉल असेल तर ते रंगावरून, वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक लोक गेले. पिऊन काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी नजर धूसर होणे, पोटात तीव्र दुखणे, उलट्या, धाप लागणे ही लक्षणे दिसली तर एक मिनिटही न घालवता रुग्णालय गाठा. वेळेवर उपचार मिळाले तर दृष्टी आणि जीव वाचू शकतो.

रोज लागत असेल तर

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दारूचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित नाही. कमी घेतली तर धोका कमी, एवढेच म्हणता येते. सकाळी हात थरथरणे, ठरवूनही न थांबणे, लपून पिणे ही व्यसनाची चिन्हे आहेत. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याची दारू घरच्यांनी एका दिवसात बंद करू नये. दोन-तीन दिवसांत फिट किंवा भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे सरकारी मोफत क्रमांक आहेत. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करत आहे.

आता सुरुवातीचा प्रश्न. बाबांना मधुमेह, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असेल, किंवा वर सांगितलेली कोणतीही गोळी चालू असेल, तर उत्तर 'नको' हेच. थंड पाणी, लिंबू, बर्फ आणि चिमूटभर जिरेपूड घालून त्यांचा ग्लास भरा आणि सोबत बसा. बीपी किंवा किडनीचा त्रास नसेल तर त्यात किंचित मीठही चालेल. पुढच्या तपासणीला येताना त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत आणा, म्हणजे नेमके सांगता येईल.